गुंडाळीवरचा अंगठा

सातारा, गुरुवार, ११ जुलै १९९६

आज कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये सरांनी ‘स्क्रोल’ शब्दाचं मूळ सांगितलं. पूर्वी लिहायला लांब कागदाची गुंडाळी असायची, एका हातानं उलगडत दुसऱ्या हातानं गुंडाळत वाचायची. “पडद्यावर दिसतं तेवढंच नसतं. खालच्या ओळी आधीच लिहिलेल्या असतात,” म्हणाले. मी खालच्या बाणाच्या बटणावरचं बोट पटकन काढलं. का काढलं?

गुरुजींचा अंगठा आठवला म्हणून. रविवारी आई आणि मी दादाची जन्मपत्रिका, जुन्या पद्धतीची कागदी गुंडाळीच, घेऊन वाईला गुरुजींकडे गेलो होतो. दादा फौजेत, पुढच्या सुट्टीत त्याचं लग्न उरकायचंय. गुरुजी गुंडाळी उलगडत वाचत होते. मध्येच कुंकवाचा अंगठा कागदावर दाबून थांबले. “पुढचं राहू द्या, वहिनी.” आईनं एक शब्द विचारला नाही. एरवी भाजीवालीलासुद्धा दहा प्रश्न विचारते!

आत्ता आई देवळात गेलीय. मी गुंडाळी काढली. त्या अंगठ्याचा लाल ठसा सापडला. त्याला लागूनच हळदीचा दुसरा ठसा, खूप जुना, फिकट. त्यात मधोमध तिरपी रेघ. विळीनं कापलेल्या आईच्या अंगठ्यावर आहे, अगदी तशी.

आई फार पूर्वीच इथवर वाचून थांबली होती. म्हणून तिनं काही विचारलं नाही.

मी तिथूनच गुंडाळी मिटली.