शेजारच्या खोलीतली हाक

प्रिय चिमणे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. रोज फोनवर डोकं खाणारी ताई अचानक कागद-पेन घेऊन बसली, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलंच असशील. बिनसलंय खरं. पण आधी चहा करून घे, पाय वर घेऊन बस आणि सगळं शेवटपर्यंत वाच. मधूनच फोन उचलायचा नाही. का, ते पुढे येईलच.

माझं काम काय, असं तुझ्या सासूबाईंनी विचारलं तेव्हा 'ती रंगकाम करते' असं सांगून तू मोकळी झालीस. फारसं चुकलं नाहीस. माणसाच्या पेशीत आईवडिलांकडून आलेला जो मजकूर भरलेला असतो, तो आमच्या प्रयोगशाळेत अक्षरांच्या ढिगांनी येतो. नुसता ढीग बघून कुणालाच काही कळत नाही, म्हणून मी त्याचं चित्र करते. एका माणसाची एक आडवी पट्टी. मजकूर नेहमीसारखा असेल तिथे निळा रंग, वेगळा असेल तिथे पिवळा. अशा शेकडो पट्ट्या एकाखाली एक. मग संगणक त्या हलवतो आणि ज्यांचं एकमेकांशी जुळतं त्यांना शेजारी बसवतो. वर्गातल्या मुली आपापल्या मैत्रिणीशेजारची जागा पकडतात, तशा त्या सरकतात. इथे मला सगळे 'चित्रवाली' म्हणतात. ताई म्हणणारं कुणी नाही. ती तुझी मक्तेदारी.

यंदा ज्या आजारावर काम चाललंय, त्याला अजून धड नावही नाही. काही घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या येतो, चाळिशीच्या आसपास सुरू होतो आणि हळूहळू माणसाची ओळख, बोलणं, सगळं पुसून नेतो. सुरुवात मात्र अगदी साधी. शेजारच्या खोलीतून हाक ऐकू येते. हाक जिवंत माणसाचीच, रोजच्या ओळखीच्या आवाजातली, आणि हाकेपुढे एक शब्द नाही. रुग्णांच्या मुलाखती घेणारी आमची सहकारी म्हणाली, एकमेकांना कधी न भेटलेली माणसं हेच सांगतात, जवळजवळ त्याच शब्दांत. तिने ते जेवताना सहज सांगितलं, आणि माझा घास हातातच राहिला.

तुला आठवतं ना? आपण दोघी आतल्या खोलीत गुपचूप रंगवत बसलेल्या, आणि आई हात पुसत दारात उभी. 'ओ, काय गं?' आपण एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसायचो. तिला वाटायचं, आपण हाक मारून तिची थट्टा करतोय. एकदा मला चांगला धपाटा बसला आणि तू नेहमीसारखी वाचलीस. पुढे पुढे ती ओ देईनाशीच झाली. आपण खरोखर बोलवायचो, अगदी कानाशी जाऊन बोलवायचो, तरी मान वर करायची नाही. डॉक्टर म्हणाले, मनाला काहीतरी लावून घेतलंय. मला आता वाटतं, सारखं फसून ती दमली होती. सगळ्याच हाका खोट्या धरल्या की उठायला नको. शेवटी शेवटी आपण हाक न मारता नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवायचो, तेव्हा कुठे ती वळून बघायची. ही युक्ती तुझीच, एवढीशी होतीस तेव्हाची.

तर आता पुढचं. आजारी माणसांशी तुलना करायला निरोगी माणसं लागतात. आमच्याकडची रीत अशी की बाहेर शोधत बसण्यापेक्षा कामावरच्यांनी स्वतःची आणि जमलं तर घरच्यांची थुंकी द्यायची. तू मला भेटायला आली होतीस तेव्हा नळी तोंडाशी धरून किती वेळ बसली होतीस, मागितली की थुंकीसुद्धा येत नाही म्हणून कुरकुरत. नळीवर फक्त क्रमांक असतो. कोणता क्रमांक कुणाचा, हे आमच्या प्रमुख बाई सोडून कुणालाच माहीत नाही.

मागच्या महिन्यात निरोगी गटातल्या एका पट्टीवर पिवळा ठिपका दिसला, आजारी लोकांच्या पट्ट्यांवर जिथे असतो नेमका तिथेच. असं झालं की आम्ही आधी चित्रावर संशय घेतो. मी रंग बदलले, पट्ट्यांची जाडी बदलली, सगळं पुसून पहिल्यापासून मांडलं. ठिपका जागचा हलला नाही. मग कोण आजारी आणि कोण निरोगी ही माहितीच काढून टाकली आणि संगणकाला म्हटलं, तूच बसव. ती पट्टी निरोगी गटातून उठली आणि सावकाश आजारी लोकांच्या कडेला जाऊन थांबली. तिच्यामागोमाग आणखी एक पट्टी निघाली, ठिपका नसलेली, आणि तिला चिकटून बसली. एवढं जुळणं सख्ख्या भावंडांतच असतं. आणि निरोगी गटात सख्खी भावंडं म्हणजे आपण दोघीच.

एक तुझी, एक माझी. कोणती कुणाची ते चित्र सांगत नव्हतं. मी बाईंकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "तू तुझं विचारलंस की तिचंही तुला कळणार. दोघींनी मिळून विचारा, नाहीतर नको." बरोबरच होतं त्यांचं. मला ठिपका असेल तर तुला नाही. मला नसेल तर तुला आहे, आणि तुझ्या पोटातल्या जिवालाही असू शकतो. तू परवाच फोनवर म्हणालीस, मी आईसारखी झाले तर बाळाचं कसं व्हायचं गं? मी म्हटलं, वेडी आहेस का. फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. त्यानंतर तुला विचारायला कितीदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला.

आज दुपारी शेजारच्या टेबलावरचे आकडेमोडवाले काका डबा बंद करताना हसत म्हणाले, "तुम्ही रोज कुणाला ओ देता हो?" त्यांना वाटायचं, मी फोनवर बोलत असते. मी म्हटलं, अहो, आतून बोलावतात ना. आत म्हणजे नमुने ठेवायची थंड खोली. त्यांनी त्या दाराकडे बोट दाखवलं. नमुने नव्या इमारतीत नेल्यापासून ती खोली रिकामी आहे, दाराला कुलूप आहे. मला हे माहीत होतं, चिमणे. ते कुलूप लावताना मी तिथेच उभी होते. आणि मग लक्षात आलं की आतून जी हाक येते ती 'चित्रवाली' अशी येत नाही. 'ताई' अशी येते, तुझ्या आवाजात.

बाईंना विचारायचं तर तू हो म्हटल्यावर रीतसर विचारू, पण ठिपका माझा आहे. तू सुटलीस, आणि बाळही सुटलं. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. त्याआधी क्षणभर तुझा हेवा वाटला, तेही लिहून टाकते. फोन केला नाही तो एवढ्यासाठी, की कानावर तुझा आवाज आला तर तो तुझाच आहे अशी खात्री मला आता वाटत नाही. म्हणून उत्तरही लिहूनच पाठव, कागद निदान हातात धरता येतो. आणि बाळ झालं की त्याला घेऊन ये. दार नुसतं लोटलेलं असेल. फक्त आलीस की बाहेरून हाक मारू नकोस, मी कदाचित मान वर करणार नाही. सरळ आत ये आणि माझ्या खांद्यावर हात ठेव.

तुझीच,
ताई