वरचं शेत आणि दादावरचा आळ

मी, वय बाहत्तर, धंदा जळणाचे गवत पिकवणे, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना, माझ्यामागे काय कोणाकडे जावे ते लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो बघायला नवरा राहिला नाही.

राहते घर व बँकेतील ठेव मुलीला. घर खुशाल विकावे. त्याच्या पायऱ्यांचे आणि माझ्या गुडघ्यांचे कधी जमले नाही.

कापणीयंत्र ट्रॅक्टरवाल्याला. ते डावीकडे ओढते, हे त्याला सांगायला नको.

चुलत जावेला काही नाही. "गवत आपोआप येतं, त्याला शेतकरी कशाला?" असे ती चारचौघांत म्हणाली होती. तिच्या अंगणात आपोआप येईल ते तिचे.

आता वरचे शेत. हे गवत एकदा लावले की पंधरा-वीस वर्षे कापता येते, पण पहिली दोन वर्षे त्याला हात लावायचा नसतो. माझी पहिली लावणी दीड महिन्याची असताना थोरल्या भावाने तिच्यावर तणनाशक मारले. सगळे जळाले, जैवइंधनाच्या कारखान्याशी केलेला करार मोडला. तेव्हापासून एकोणीस वर्षे कारखान्याच्या वजनकाट्यावर सगळे त्याला 'तणनाशक' म्हणतात. तशी हाक मारली तरी तो ओ देतो.

खरे असे आहे : आदल्या संध्याकाळी मीच फोनवर म्हणाले होते, "दादा, वरचं शेत साफ करून टाक." मला खालचे म्हणायचे होते. त्याने विचारले, "वरचं ना गं, नक्की?" मी म्हणाले, "किती वेळा सांगू?" दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मीच ओरडले, "तुला कोणी सांगितलं होतं?" दादाने माझ्याकडे पाहिले आणि फवारणीचा पंप उचलून तो घरी गेला. मला लाज वाटली. तरी मी तोंड उघडले नाही, आणि पुढे ते रोज जास्त अवघड होत गेले.

सबब वरचे शेत, दोन महिन्यांपूर्वीच्या नव्या लावणीसह, दादाला. मुलगी म्हणते, "मामा परत फवारेल." तुझ्या मामाने सांगितलेले काम केले होते, तेही विचारून. हे कलम <s>माझ्यामागे</s> वजनकाट्यावर, गाड्या रांगेत असताना, मोठ्याने वाचावे.

ज्याला लाभ मिळतो त्याने साक्ष करू नये, असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून दादा बाहेर बाकावर बसला आहे. मला घेऊन तोच आला. आत्ताच त्याने दारातून विचारले, "झालं का गं? सावकाश लिही, घाई नाही."

वरचा 'माझ्यामागे' हा शब्द मी खोडला आहे व खाडाखोडीशेजारी सही केली आहे. सोमवारी काट्यावर मीच वाचेन. त्याआधी दादाला आत बोलावते.

सही : (लिहून ठेवणार)
साक्षीदार : १. कचेरीतील टायपिस्ट २. खालच्या दुकानातील शिंपी
ठिकाण : वकीलबाईंची कचेरी
दिनांक : १४ नोव्हेंबर