अळणी ताट

कराड, डिसेंबर १९४६. मंगळवार, दिवेलागण.

पलूसचे हवालदार गेले. सकाळी गोठ्यात उभ्याउभ्या अंगावरून वारं गेलं. मी पोचलो तेव्हा तोंड वाकडं, शुद्ध हरपलेली. मेंदूत रक्तस्राव. दुपारी संपलं सगळं.

संताप जात नाही. माझ्या दवाखान्यात मीठ बंद केलं होतं तेव्हा त्यांचा रक्तदाब चांगला उतरला होता. इतर रोग्यांचाही उतरतो आहे. मीठ तोडलं की मेंदूतली शीर वाचते, हेच तर मला सिद्ध करायचं आहे. मग घरी गेल्यावर पारा पुन्हा का चढला? मी वेडा, रक्तदाब मोजायच्या यंत्रालाच दोष देत बसलो.

विचारायची वेळ नव्हती, तरी त्यांच्या बायकोला विचारलंच. "बाई, जेवणात मीठ घालत होतात?"

"व्हय. चिमूटभर."

"एवढं बजावलं होतं मी! का घातलंत?"

"आवं डाक्टर, अळणी आमी सुतकात खातो. जित्या माणसाम्होरं तसलं ताट कसं ठिवू? इपरीत व्हईल म्हणून भ्या वाटायचं."

चिमूटभर म्हणे! रोज दोन्ही वेळा, आणि किती मोठी चिमूट? पण तिच्यावर कसला ओरडतो मी? तिनं त्यांना जपायलाच घातलं. मीठ तोडा म्हणताना अळणी जेवण या घरात कधी शिजतं, हे मी कुठे विचारलं होतं?

निघालो तेव्हा शेजारणी तिला धरून बसल्या होत्या. उद्यापासून सुतक फिटेपर्यंत त्या घरात कुणाच्याच ताटात मीठ नसेल.