दूध उतू गेलं त्याबद्दल आभार

चि. बंधुराज यांस,

थोरल्या बहिणीचे अनेक उत्तम आशीर्वाद, आणि त्याबरोबर (आधी खाली बस) साष्टांग नमस्कार. धाकट्या भावाला नमस्कार करायची रीत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण तुझ्यामुळे इकडे काय घडलं ते कळल्यावर तू स्वतःहूनच पाय पुढे करशील, म्हणून मी आधीच उरकून घेते. तुझी कंबर कशी आहे? लिफ्ट दुरुस्त करताना खड्ड्यात वाकून वाकून ती धरते असं तू म्हणालास. पण तुझी कंबर नेमकी भांडी घासायच्या वेळेला धरते, असा माझा लहानपणापासूनचा अनुभव आहे. तरी शेक घेत जा. इकडे सगळे ठीक. सासऱ्यांचा गुडघा कुरकुरतो, आणि त्याहून जास्त ते स्वतः.

तुझ्या भाचीचं, म्हणजे आमच्या भिंगरीचं, वाचनात काहीतरी अडतंय एवढं तुला माहीत होतं. किती अडतंय ते आम्हालाही माहीत नव्हतं. तोंडी विचारा, पोरगी धडाधडा उत्तरं देते. वहीत लिहायला सांगा, की पेन्सिलीला टोक काढण्यातच संध्याकाळ होते. मी पडले चष्म्याच्या दुकानातली, त्यामुळे जगातली सगळी दुखणी मला डोळ्यांपासून सुरू होताना दिसतात. मी तिचे डोळे तपासले, दुसऱ्या यंत्रावर पुन्हा तपासले, मग मालकांकडून तपासून घेतले. नजर घारीची निघाली. (समोरच्या दुकानाच्या पाटीवर बसलेली माशी तिने दाखवली. पाटीवर लिहिलंय काय, ते मात्र सांगेना.) तरी मी हट्टाने तिला बिननंबराचा चष्मा लावला. त्याने ती फार हुशार दिसायला लागली, आणि एवढी हुशार दिसणारी मुलगी वाचत कशी नाही म्हणून वर्गशिक्षिका जास्तच चिडायला लागल्या.

मग सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. सुट्टीच्या दिवशी पोट अगदी ठणठणीत. एकदा मी वेणी घालत होते, तर आरशात बघत म्हणाली, "आई, मी मठ्ठ आहे ना गं?" वेळ विचारावी तितक्या साध्या आवाजात. मी नुसती वेणी सोडली आणि पुन्हा घालत बसले. त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकांनी बोलावून सांगितलं, की अशीच राहिली तर तिला त्याच वर्गात बसवावं लागेल. पण रीतसर तपासणीत शिकण्यातली अडचण दिसली, तर वरच्या वर्गात घेऊ, विशेष शिक्षिकाही देऊ. झालं, सगळं त्या तपासणीवर येऊन ठेपलं.

आता आमच्या घरात 'तपासणी' हा शब्द उच्चारला, की माणसं तयारीला लागतात. सासऱ्यांनी हयातभर लोकांना गाडी शिकवली. गावातली निम्मी माणसं त्यांच्यामुळे परवाना घेऊन फिरतात (आणि उरलेली निम्मी त्यांच्यामुळे जपून चालतात). त्यांच्या मते परीक्षा म्हणजे परीक्षा, मग ती गाडीची असो की डोक्याची. रोज संध्याकाळी भिंगरीला समोर बसवून पाढे, ग्रह, देशांच्या राजधान्या, आणि वर उपदेश: पाठ ताठ, नजर समोर, आणि अडलं तर थांबायचं नाही, ठामपणे पुढे जायचं. आमच्या ह्यांनी वेगळंच काम हाती घेतलं. तपासणीच्या बाईंशी ओळख कुठून निघते का, ते शोधत होते. जरा सांभाळून घ्या म्हणून सांगायचं होतं त्यांना. मी म्हटलं, अहो, सांभाळून घेतलं आणि सगळं उत्तम म्हणून लिहून दिलं, तर पोरगी त्याच वर्गात बसेल! त्यावर ते फोनची वही पुन्हा उघडत म्हणाले, "मग नापास करा म्हणून ओळख लावू का?" या माणसाशी माझं लग्न जमवताना तू मध्यस्थी केलीस, हेही या पत्रात नोंदवून ठेवते.

तर तो दिवस उजाडला. तपासणीची खोली लहानशी, स्वच्छ. एक बुटकं टेबल, रंगीत ठोकळ्यांची खोकी, खिडकीत एक कुंडी. बाई पन्नाशीच्या, आवाज असा की ऐकणाऱ्याचे खांदे आपोआप खाली यावेत. भिंगरी बिचकेल म्हणून पहिल्या दिवशी मला कोपऱ्यात बसू दिलं, तोंड उघडायचं नाही या अटीवर. (हे मला किती जड गेलं असेल ते तू समजू शकतोस.) सुरुवात सोपी म्हणून बाई म्हणाल्या, तुझंच पुस्तक काढ आणि तुला आवडतो तो धडा वाचून दाखव.

भिंगरीने ज्वालामुखीचा धडा काढला. आणि वाचायला लागली! अडखळणं नाही, थांबणं नाही, स्वल्पविरामाला श्वास, पूर्णविरामाला मान. मी तर थक्कच झाले. आधी आनंद झाला, आणि लगेच घाम फुटला, कारण बाईंच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं: ही मुलगी इथे आणलीच कशाला? आम्ही हात हलवत घरी जाणार, आणि पोरगी पुन्हा त्याच बाकावर बसणार. तेवढ्यात ती लाव्ह्याच्या ओळीपाशी आली आणि त्याच सुरात, बोट पानावर ठेवून म्हणाली, "पृथ्वीच्या पोटातला हा तापलेला रस वर वर चढतो आणि अरे बापरे, दूध उतू गेलं, थांब हं बाळा, फडकं कुठे ठेवलंय मी, हां, आणि डोंगराच्या तोंडातून बाहेर पडतो."

आलं का लक्षात? या वर्गाच्या सुरुवातीला ती कांजिण्यांनी घरी होती, तेव्हा मी तुला पानांचे फोटो पाठवायचे आणि तू स्वयंपाक करता करता धडे वाचून, रेकॉर्ड करून पाठवायचास. मला वाटलं होतं, आजार संपला, ते खूळही संपलं. ते संपलं नव्हतं. माझ्याच फोनवरून गुपचूप पानांचे फोटो पाठवून ती तुझ्याकडे मागत गेली, तू पाठवत गेलास, आणि तिने अख्खं पुस्तक तुझ्या दुधासकट पाठ करून टाकलं.

बाईंना आधी वाटलं, पोरीने स्वतःच्या मनाने दाखला दिला, आणि त्यांनी कौतुकाने मानही डोलावली. मग फडकं आलं तेव्हा त्या थबकल्या. पुस्तक मिटलं नाही, रागावल्या नाहीत. शांतपणे विचारलं, "मग, पुसलं का दूध?" भिंगरी सवयीने म्हणाली, "नाही, मामा म्हणाला नंतर पुसतो." आणि मग तिला कळलं. चेहरा उतरला. पुस्तक छातीशी धरून म्हणाली, "आता मामा पाठवायचं बंद करणार का?" पकडले गेल्याची भीती नव्हती रे तिला. तुझा आवाज बंद होईल, एवढीच एक भीती होती, आणि ती पोर वर्षभर एकटीच घेऊन हिंडत होती. मी अट मोडली. कोपऱ्यातून उठले आणि तिला कुशीत घेतलं. बाईंनी मला मोडू दिली.

पुढच्या खेपांना मी बाहेरच बसले. तिला कोणी कधी वाचून न दाखवलेलं पान पुढे ठेवलं, तेव्हा पहिल्याच ओळीत ती घामाघूम झाली म्हणे. ठोकळ्यांचे नमुने मात्र शेवटच्यापर्यंत जुळवले. निकालाच्या दिवशी आम्ही सहकुटुंब गेलो. सासऱ्यांनी बसायच्या आत विचारलं, "किती पैकी किती?" बाई म्हणाल्या, इथे पास-नापास नसतं. सासऱ्यांना ते मुळीच पटलं नाही. बाईंनी मग समजावून सांगितलं: बुद्धी चांगली तल्लख आहे, ऐकलेलं पक्कं राहतं, पण अक्षरं ओळखून वाचणं तिला खरोखर जड जातं, याला डिस्लेक्सिया म्हणतात, आणि यात तिचा आळस नाही की आमची चूक नाही. विशेष शिक्षिका मिळेल, परीक्षेत जास्त वेळ मिळेल, प्रश्न कोणीतरी वाचून दाखवेल. सासऱ्यांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "म्हणजे गाडी उत्तम आहे. पाट्या वाचायला शेजारी माणूस हवा." बाई म्हणाल्या, मीही यापुढे असंच सांगत जाईन. तेव्हापासून आमच्या घरात बाईंच्या विरुद्ध कोणी ब्र काढायचा नाही.

निघताना बाईंनी विचारलं, ते धडे कोण वाचतं? मी म्हटलं, माझा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतो. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, त्यांनी या मुलीचं अख्खं वर्ष वाचवलं." मी तुला आजवर कामचुकार, झोपाळू आणि आणखी बरंच काही म्हटलं आहे. ते मागे घेत नाही, खरंच आहे ते. पण मी घरात असून मला जे दिसलं नाही, ते तू तिकडे परगावी बसून, नकळत, एका हातात पळी घेऊन दाखवून दिलंस. तुझे उपकार कसे फेडायचे ते मला खरंच कळत नाही. भिंगरी वरच्या वर्गात जाते आहे. पोट दुखत नाही. चष्मा काढून टाकलाय.

लोभ असावा असं लिहायचं असतं, पण तुझा आहे तेवढाच आम्हाला पुरून उरला.

तुझी,
ताई

ता. क. वरच्या वर्गाची पुस्तकं आली आहेत. पानांचे फोटो उद्यापासून पाठवते. सगळी वाचायची आहेत, भूगोलसुद्धा. कंबरेचं कारण चालणार नाही, कंबरेने कोणी वाचत नाही.

आणखी ता. क. खरं काम हे आहे. विशेष शिक्षिका म्हणतात, ही एकदा ऐकलेलं विसरत नाही, त्यामुळे कुठलंही पान दिलं तरी ती वाचते आहे की आठवते आहे ते कळत नाही. तिला असं काहीतरी हवं, जे या घरात कोणीच कधी मोठ्याने वाचलेलं नाही. तेव्हा तिच्या नावाने एक पत्र टाक. मोठी अक्षरं, तीन ओळी, जोडाक्षरं जमतील तेवढी कमी. त्यात काय आहे ते मला सांगू नकोस, ह्यांना नको, सासऱ्यांना तर नकोच. फोन न करता हे सगळं लिहिलं तेही त्यासाठीच, फोनवर तू मजकूर बोलून बसशील, आणि तिथे तिचे कान असतात. काल मी तिला सहज म्हटलं, मामा पत्रात काय लिहील गं? तर दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडली, "सांगू नकोस! मला वाचायचंय!"