मोज्यातलं शीड

१० जून

पुन्हा फसलं. मधोमध पीळ पडला, वर एक फुगा, खाली एक फुगा, आणि सगळं पुढच्या तारेला असं गुंडाळलं की सोडवताना बोटं सोलली. बार्बा, माझे काका, सुकाणूवर बसून बघत होते. म्हणाले, "लोव्रे, शीड चढवतोयस की धुणं वाळत घालतोयस?"

पाहुणे हसले. त्यांना आपली भाषा कळत नाही, तरी हसले.

क्रम पुन्हा लिहून काढतो. स्पिनेकर, ते पुढचं मोठं लाल शीड, त्याच्या मोज्यात, म्हणजे त्या लांब कापडी नळीत, मिटलेला असतो. मोजा डोलकाठीवर चढवायचा. मग मोज्याचं तोंड वर ओढायचं की शीड फुलतं. पुस्तकात असंच आहे. पुस्तकात ते फुलतंही.

११ जून

बार्बांनी जेवताना सांगून टाकलं. "माझा गुडघा आता बोटीच्या टोकापर्यंत नेत नाही मला. तू ते शीड एकट्याने चढव, एकट्याने उतरव, ही 'गालेब' बोट तुझ्या हाती देतो. नाहीतर महिनाअखेरीस झाग्रेबचा दाताचा डॉक्टर येतोय बघायला. त्याला विकून मोकळा होतो."

मी म्हटलं, बाकीची सगळी कामं येतात की मला.

"पाहुणे त्या लाल शिडासाठी येतात. नुसतं इंजिनावर फिरायला फेरीबोट आहे."

काकू, तेता दिंका, म्हणाली, "अहो, पुतण्याला घास तरी गिळू द्या." मी ताट बाजूला सारलं. नौकाशाळा दुसऱ्या वर्षाला सोडली, दुसरं मला काय येतं? 'गालेब' गेली तर मी हॉटेलात टॉवेलांच्या घड्या घालणार. घड्या चांगल्या घालतो मी, हीच भीती आहे.

१३ जून

स्पिनेकर अंगणात पसरला. एक कड बोटांनी चाचपत वरपासून खालपर्यंत गेलो, मग दुसरी. कुठेही पीळ नाही. उजव्या कडेला जागोजागी लाल दोरा बांधला. पुन्हा मोज्यात भरला.

तेता दारातून बघत होती. "चादरींवर कधी इतकी माया केली नाहीस."

१४ जून

पीळ नव्हता! शीड उघडलं, फुललं, लाल, केवढं तरी. एक श्वास घेतला तेवढंच.

मग वारा आणखी वाढला. उतरवायचं म्हणून मोजा खाली ओढायला लागलो, तर भरलेल्या शिडावरून तो खाली येईना. उलट मलाच उचलायला लागला. दोर तळव्यांतून सरकत गेला. कोपऱ्याचा दोर आधी सैल सोडायचा असतो, वारा सांडून जायला. माहीत आहे मला! झोपेतसुद्धा सांगेन. हातानं केलं नाही.

बार्बा सुकाणू बांधून गुडघा ओढत पुढे आले. "दे इकडे." झालं. उतरलं. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मोजा माझ्या हातात देऊन सुकाणूकडे परत गेले.

तळव्यांना तेल लावलंय. अक्षर वाईट येतंय.

१७ जून

चढवायचा दोर तारेच्या चुकीच्या बाजूने गेला होता. निघण्याआधी पुन्हापुन्हा तपासला होता. प्रत्येक वेळी चुकीच्याच बाजूने तपासला.

२० जून

आज काहीच केलं नाही. गुडघ्यासाठी बार्बा दवाखान्यात, म्हणून धक्क्यावर बसून पाणी बघत होतो.

सकाळी उशिरा वारा आला. हलका, पाण्यावर नुसते शहारे. तास-दीड तासाने पाणी काळं झालं, मग लाटांवर फेसाच्या पांढऱ्या टोप्या. रोजचाच मायस्त्राल वारा, उन्हाबरोबर चढणारा. आणि एकदम लक्षात आलं की ती हलकी वेळ मी कधी पाहिलेलीच नाही. त्या वेळी आम्ही मारेंदा, म्हणजे दुपारआधीची न्याहारी, करत असतो! खारवलेले मासे, कांदा, पाव, पाणी घातलेली वाइन. नांगर टाकून, निवांत. ताटल्या धुऊन दोराला हात लावतो तोवर वारा भरात आलेला.

इतके दिवस मी गाठींना दोष देतोय. आमच्या घरात मारेंदाच्या वेळी कोणी उठत नाही, म्हणून कोणी वर बघितलंही नाही. बार्बांचं वजन आणि ताकद होती तेव्हा भर वाऱ्यातही निभावलं. माझं कसं निभावणार?

२१ जून

विचारलं. आधी शीड, मग मारेंदा, असं केलं तर?

बार्बा माझ्याकडे बघतच राहिले. "उपाशीपोटी? आपण काय इटालियन आहोत?"

तेता म्हणाली, "त्यांना नको सांगूस बाबा. आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा यांनी मारेंदा सोडली नाही. पाद्री ताटकळत उभा."

"पाद्रीसुद्धा जेवूनच आला होता," बार्बा म्हणाले.

विषय संपला.

२४ जून

ताट वाढलेलं, मी बसलो नाही. नांगर उचलला, सुकाणू बांधलं. बार्बा मासा सोलत होते, त्यांनी सोलणं थांबवलं नाही.

हलका वारा पाठीशी. मोजा वर गेला. तोंड ओढलं. शीड फुललं आणि तसंच राहिलं. बोट इतकी गुपचूप चालत होती की बार्बांच्या चावण्याचा आवाज येत होता. वारा वाढायच्या आत बोट वळवून शीड मोठ्या शिडाच्या आडोशाला घेतलं, कोपऱ्याचा दोर सोडला, मोजा खाली. सगळं एकट्याने.

बार्बा म्हणाले, "मासे संपले. कांदा आहे."

एवढंच. आता डॉक्टरसमोर एकदा.

२७ जून

डॉक्टर टिहोमीर आले. पांढरे बूट, स्वभावाने चांगले. फेरीबोट उशिरा आली, आणि पाहुणा म्हटल्यावर मारेंदा लांबली. निघालो तेव्हा बाहेर सगळ्या पाण्यावर पांढऱ्या टोप्या.

"ते लाल शीड बघायचंय मला," डॉक्टर म्हणाले. "फोटोतलं."

बार्बा म्हणाले, "चढव, लोव्रे. माणूस झाग्रेबहून आलाय."

मी टोकापर्यंत गेलो. दोर हातात घेतला. पाणी बघितलं. परत आलो. "नाही, बार्बा. आज नाही."

"घाबरलास?"

"हो. हा वारा या शिडाचा नाही."

डॉक्टर म्हणाले, "मग हे शीड काय शोभेचं आहे?" बार्बा माझ्याकडे बघत होते, मी समुद्राकडे. लहान शिडावर परत आलो.

बार्बांना आजवर नाही म्हटलं नव्हतं. म्हटलं तेही नेमकं याच दिवशी.

२८ जून

डॉक्टर आणि बार्बा दिवसभर बोटीवर. मला बोलावलं नाही. टॉवेलवाल्या हॉटेलचा नंबर शोधून ठेवला.

२९ जून

डॉक्टर सकाळच्या फेरीबोटीने गेले, सौदा न करताच. पाठोपाठ नवे पाहुणे धक्क्यावर आले, नवरा-बायको आणि दोन मुली. बार्बा बादलीने फळ्या धूत होते. नवऱ्याने त्यांना विचारलं, आज वारा कसा आहे, निघायचं ना?

बार्बांनी मान वर केली नाही. "मला काय विचारता? कप्तानांना विचारा."

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.