गच्चीवरचं ऊन आणि मंदाची गाठ

२ डिसेंबर, मंगळवार
'तळमजल्यावरच्या बायांनो, समोर टॉवर उठला आणि आपल्या घरातलं ऊन गेलं. गच्ची सगळ्यांची, कुलूप मात्र सेक्रेटरींचं.' सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी अशी सुरुवात केली. मग ड जीवनसत्त्व, ठिसूळ हाडं. शेवटी कॅन्सर. 'ऊन घ्या, कॅन्सर तुमच्या उंबऱ्याला शिवणार नाही.' सेक्रेटरींनी किल्ली टेबलावर ठेवली. "ले लो मॅडम. लेकिन पापड मत सुखाना."
आमच्या हाटकेश भागात इतकी वर्षं भाषणं केली. टाळ्या मिळाल्या, वस्तू पहिल्यांदाच मिळाली.

५ डिसेंबर, शुक्रवार
रोज अकरा ते बारा गच्ची. सगळ्यांच्या आधी मंदा, माझी धाकटी जाऊ, बी विंगमधली. केबिन रोडच्या बाजारातून खास चटई आणलीय. दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्या भाषणानं माझी बायको काळी पडणार."
मंदा : "पडू दे. तुम्ही कुठले गोरे लागून गेलात?"

११ डिसेंबर, गुरुवार
मंदानं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे नेलं. माझा हात धरून स्वतःच्या डाव्या छातीवर ठेवला. गाठ. सुपारीएवढी, घट्ट. दिवाळीच्या आधीपासून आहे, दुखत नाही म्हणाली.
"डॉक्टरला दाखवलंस?"
"कशाला? तुम्हीच सांगितलंत ना. ऊन घेतेय, ड जीवनसत्त्वाची आठवड्याची कॅप्सूल घेतेय. बारीक होतेय ती, ताई."
तिनं माझा हात घट्ट धरला.
"ह्यांना सांगायचं नाही. शब्द द्या."
दिला. का दिला?

१२ डिसेंबर
ज्या लेखावरून बोलले तो पुन्हा वाचला. ज्यांच्या रक्तात ड कमी त्यांच्यात काही कॅन्सर जास्त दिसतात, पण म्हणून कमतरता हेच कारण, असं नाही. गोळ्या देऊन पाहिलं तेव्हा कॅन्सर टळतो असं ठाम दिसलं नाही. कॅन्सरनं होणारे मृत्यू थोडे कमी होत असतील, कदाचित.
हे 'कदाचित' मी तेव्हाही वाचलं होतं. गाळलं, कारण त्यानं वाक्य पडतं. बुवाबाजीवर बोलताना 'पुरावा काय' म्हणून टेबल आपटणारी मी.

१५ डिसेंबर, सोमवार
आमच्या डॉक्टरबाईंकडे गेले. नाव न घेता विचारलं. म्हणाल्या, "ऊन हाडांसाठी घ्या, चांगलंच आहे. पण आलेली गाठ उन्हानं जात नाही. तपासावीच लागते. बऱ्याच गाठी साध्या निघतात, पण ते तपासल्यावर कळतं. कुणाची आहे?"
"ओळखीतल्या बाईची."
"मग तिला आणा. तुम्हाला तपासून काय उपयोग?"

१७ डिसेंबर
टाकीमागे मंदाला सांगितलं, मी चुकले. हसली. "ताई, मीटिंगमध्ये माइकवर बोललात ते खरं, की इथे कानात बोलताय ते?"
"हे खरं."
"मग हेपण माइकवर बोला."
दिराला सांगावं तर शब्द दिलेला. माइकवर सांगावं तर सेक्रेटरी परत कुलूप लावायची वाटच बघतायत, आत्ताच स्लॅब गळते म्हणून कुरकुर चाललीय. अकरा बायका येतात उन्हाला. कमलकाकू तीन जिने चढून येतात. त्यांना काय सांगू?
ती मात्र रोज चटईवर. माझ्याकडे पाठ करून, डोळे मिटून. गाठ तिथेच. दिवस जातायत आणि ते मी घालवतेय.

२१ डिसेंबर, रविवार
मीटिंगमध्ये उभी राहिले. हाडांबद्दल बोलले ते खरं, कॅन्सरबद्दल माहितीपेक्षा जास्त बोलले, असं म्हटलं. पहिल्यांदाच कागद बघून बोलले. टाळी नाही. कमलकाकू पुटपुटल्या, "आता आमचं ऊनही जाणार." सेक्रेटरी म्हणाले, "तो फिर टेरेस का क्या?" बायकांनी एकदम गिल्ला केला. निर्णय पुढच्या मीटिंगवर.
मंदा मागच्या खुर्चीत होती. माझं संपायच्या आतच उठून गेली.

२२ डिसेंबर
ती आज गच्चीवर आली नाही. फोन उचलत नाही. दुपारी मेसेज पाठवला. वाचलाय, उत्तर नाही. इथे उतरवून ठेवते :
'मंदा, माइकवर बोलले. भाऊजींना काही सांगितलेलं नाही. माझ्यावर चिडलीस तर चीड, हक्क आहे तुझा. डॉक्टरबाईंकडे उद्या दहाचा नंबर तुझ्या नावानं लावलाय. मी साडेनऊला गेटपाशी रिक्षा थांबवून उभी असेन. येऊन रिक्षात बस.'