‘दगड आणि सलगम’ हा खेळ सरकारी शिक्क्यानिशी टुकार ठरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
व्यापार विभाग,
वॉर्ड कचेरी, क्योतो.

दि. ११ डिसेंबर १९९५

विषय : घरजावयाच्या गैरसमजापासून दुकान वाचवणेबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीशी फोनवर झालेले बोलणे. त्यात “विचार करून सांगतो” असे उत्तर मिळाले. मी जन्माने क्योतोची असल्याने त्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो हे मला समजले. तरीही हा अर्ज.

महोदय,

१. मी किनुयो शिमागावा, तोराबाशी बाजारपेठेतील व्हिडिओ गेमच्या दुकानाची मालकीण. पूर्वी तेथे आमच्या वाडवडिलांचे रेशमी दोऱ्याचे दुकान होते. माझे यजमान तोकुजी हे ओसाकाचे असून लग्नानंतर आमच्याकडे राहावयास आले. माणूस सोन्यासारखा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ओसाकाची माणसे बोललेले खरे धरतात, आणि आमच्या गल्लीत बोललेले खरे धरावयाचे नसते, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरत नाही. शेजारी मोची नावाची तांदळाची मिठाई विकणाऱ्या उमेगाकीकाकू एकदा त्यांना म्हणाल्या, “अगबाई, तुमचं घड्याळ किती सुंदर आहे हो!” म्हणजे, उठा आता, फार वेळ बसलात. यजमानांनी घड्याळ काढून काकूंच्या हातात ठेवले आणि आणखी तासभर बसले.

२. यंदा नवे गेम-यंत्र बाजारात आले. त्यावरचा बेडकांच्या शर्यतीचा खेळ मुलांनी असा डोक्यावर घेतला की त्यापायी यंत्रे हातोहात खपू लागली. ठोक व्यापाऱ्याने मात्र अट घातली, की बेडूक हवे असतील तर ‘दगड आणि सलगम’ हा पडून राहिलेला खेळही उचलावा लागेल. सदर खेळात सलगमाच्या पिंपावर दगड ठेवावयाचा आणि लोणचे मुरण्याची वाट पाहावयाची. शेवटी पिंपातून एक बुडबुडा येतो. बस, संपला खेळ.

३. यजमानांनी यंत्र, बेडूक आणि सलगम असा एकच जोडसंच केला. लोकांनी तो बेडकांसाठी नेला. यजमान मात्र ज्याला त्याला हौसेने विचारू लागले, “काय मग, सलगम कसं वाटलं?” आता तोंडावर वाईट कोण बोलणार? शाळामास्तर म्हणाले, “फारच निवांत खेळ आहे.” दाताचे डॉक्टर म्हणाले, “असं काही आम्हाला सात जन्मांत सुचलं नसतं.” उमेगाकीकाकूंनी तर “आमच्या सुनेला आवर्जून द्यावा असा खेळ आहे” इथवर मजल मारली. काकूंचे आणि सुनेचे पटत नाही हे गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक आहे. उलट बेडकांबद्दल सगळ्या आया मनापासून करवादल्या, “मेले ते बेडूक! पोरं जेवायला उठत नाहीत.”

४. यावरून यजमानांनी निष्कर्ष काढला, की यंत्रे खपतात ती सलगमामुळे, आणि बेडूक धंदा बुडवतात. नववर्षाला आम्ही दुकानदार तोंडबंद नशीबपिशव्या विकतो. आत काय आहे ते गिऱ्हाइकाला माहीत नसते आणि माल परत घेतला जात नाही. यंदा प्रत्येक पिशवीत एक यंत्र आणि सहा सलगम घालण्याचा त्यांचा बेत आहे. बेडूक एकही नाही! त्यासाठी दुकान गहाण टाकण्याचे कागदही तयार आहेत. लोक पिशवी उघडून “वा, पिशवीचा कागद काय सुरेख!” म्हणतील आणि पुन्हा आमची पायरी चढणार नाहीत.

५. मी गप्प बसले असे नाही. एके दिवशी मन घट्ट करून त्यांना म्हणाले, “किती धाडसी बेत आहे तुमचा!” इतके टोकाचे बोलल्याची मला नंतर लाज वाटली. ते मात्र खूश झाले आणि माझ्यासाठी भाजलेली वाम घेऊन आले. सबब, सदर खेळ टुकार आहे असा शिक्क्याचा कागद आपण त्यांच्या नावे पाठवावा. शिक्का ते मानतात.

६. एवढे लिहून अर्ज गल्ल्यावर ठेवून मी चहा टाकावयास गेले. परतते तो यजमान तो वाचत उभे! वाचून झाल्यावर म्हणाले, “तुझं अक्षर किती वळणदार आहे गं.” लग्नापासून आजवर त्यांनी माझ्या अक्षराचे नाव काढले नव्हते. मग त्यांनी ठोक व्यापाऱ्याला फोन लावला आणि अगदी मधाळ आवाजात म्हणाले, “तुमचा खेळ म्हणजे काय, वा! आमच्यासारख्या छोट्या दुकानाला झेपायचा नाही इतका भारी. विचार करतो हं.” आणि फोन ठेवला. महोदय, अस्सल क्योतोचा नकार! मला रडूच आले. हा दिवस पाहायला माझे वडील हवे होते.

७. तथापि ठोक व्यापारीही ओसाकाचाच आहे. आत्ताच त्याचा उलट फोन आला, “एवढं कौतुक ऐकून जीव सुखावला बघा! झेपायची काळजी सोडा, पैसे सावकाश द्या. दुप्पट माल भरलाय, ट्रक निघालासुद्धा!” यजमान फोनवर “किती तत्पर हो तुम्ही” एवढेच म्हणू शकले. तरी मागितलेला कागद आता यजमानांस न पाठवता, तो घेऊन आपला एखादा शिपाई तातडीने बाजारपेठेच्या तोंडाशी उभा करावा आणि ट्रक परत फिरवावा.

शिपाई क्योतोचा नसावा, ही विशेष विनंती.

आपली, अजून तरी दुकानाची मालकीण,
किनुयो शिमागावा

सोबत : ‘दगड आणि सलगम’, एक प्रत. परत करण्याची तसदी घेऊ नये.